डीलक्स रिव्हर्बवर स्वच्छ, खणखणीत आवाज हवाय, पण पाचच्या आधीच फाटतो

टेलीवेडा

फेंडरचा '६५ डीलक्स रिव्हर्ब रीइश्यू (जुन्या मॉडेलची नवी आवृत्ती) हा गिटार ॲम्प आहे, २३० व्होल्टवाला. २२ वॅट, दोन ६व्ही६ पॉवर ट्यूब, रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारी) ट्यूब ५एआर४, स्पीकर मूळचाच म्हणजे जेन्सन सी१२के. गिटार दोन: सिंगल कॉइल पिकअपची टेलिकास्टर आणि हंबकर (दोन कॉइलचा, जास्त जोरकस पिकअप) असलेली सेमी-हॉलो. व्हायब्रॅटो चॅनेल, इनपुट १. ट्रेबल ७, बेस ६, रिव्हर्ब ४. पेडल चार, सगळी ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल सरळ आरपार जातो). गिटार ते पेडल ६ मीटर केबल, पेडल ते ॲम्प पुन्हा ६ मीटर.

अडचण अशी. घरी व्हॉल्यूम २ वर टेलीचा आवाज कानाला टोचतो. प्रॅक्टिस रूममध्ये ड्रमर आला की ५ पर्यंत जावं लागतं, तिथे टेली फाटते (डिस्टॉर्ट होते). हंबकर तर ४ लाच फाटतो, शिवाय जाड तारा बदबदतात. मला ब्लॅकफेस जमान्याचा (साठच्या दशकातल्या काळ्या पॅनेलच्या फेंडर ॲम्पचा) तो उजळ, घंटेसारखा क्लीन आवाज हवाय, अर्पेजिओ वाजवताना प्रत्येक तार सुटी ऐकू यायला हवी.

ट्यूब बदलू, स्पीकर बदलू, की हा विकून ट्विन रिव्हर्ब (फेंडरचाच मोठा ॲम्प) घेऊ? प्रीॲम्पमध्ये १२एएक्स७ ट्यूबच्या जागी १२एटी७ घातली की हेडरूम (न फाटता आवाज वाढवायला मिळणारी जागा) वाढतो असं बऱ्याच ठिकाणी वाचलंय.

सिंगलकॉइल

ट्यूबला हात लावण्याआधी फुकटातल्या गोष्टी करून बघ.

बेस ६ हे जास्त आहे. पॉवर स्टेजची बहुतेक ताकद खालच्या सुरांतच खर्च होते. लो ई तार जोरात छेडली की ६व्ही६ आधी तिच्यापायी फाटतात आणि वरच्या तारांचा आवाजही त्यात मळतो. हंबकर लावलास की बेस २ ते २.५ वर आण, टेलीला ३ ते ३.५. एकटं वाजवताना बारीक वाटेल, पण बास गिटार आणि किक ड्रम सोबत असले की ती जागा तशीही तुझी नसते. ट्रेबल ५.५ ते ६ पुरे.

दुसरं, पिकअपची उंची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तारेच्या तळापासून पिकअपच्या पोलपर्यंत मोजायचं. व्हिंटेज पद्धतीच्या सिंगल कॉइलला जाड तारेखाली २.४ मिमी आणि बारीक तारेखाली २ मिमी हे फेंडरचं माप आहे, तिथून सुरुवात कर. हंबकर तारेला चिकटवून ठेवायची सवय अनेकांना असते. तो अर्धा-एक मिमी खाली घेतला की आउटपुट उतरतं आणि छेडल्याचा टणका उलट जास्त स्पष्ट येतो. आउटपुट कमी झालं म्हणून हळहळू नकोस, तुला नेमकं तेच हवंय.

तिसरं, केबल. गिटार केबलची कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धर. पेडल सगळी ट्रू बायपास असल्यामुळे बंद असताना १२ मीटरची सलग केबल पिकअपवर लटकलेली असते, म्हणजे १२०० पिकोफॅरड. २.५ हेन्रीच्या पिकअपला केबल मिळून ४०० पिकोफॅरड दिसले तर त्याचं रेझोनन्स (ज्या सुराला पिकअप सगळ्यात जोरात वाजतो ती जागा) ५ किलोहर्ट्झजवळ येतं, ७०० दिसले तर ३.८ जवळ, १२०० ला तीनच्याही खाली. तुला हवी असलेली चकाकी ३ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात आहे. ती ॲम्पपर्यंत पोचतच नाही, म्हणून तू ट्रेबल ७ वर नेतोस, आणि मग घरी कमी केबलवर वाजवलं की तोच ट्रेबल टोचतो. पहिलं पेडल चांगल्या बफरचं (पुढच्या केबलचं ओझं पिकअपवर येऊ न देणाऱ्या सर्किटचं) ठेव आणि गिटारपासून तिथपर्यंत ३ मीटर केबल वापर. बफरच्या पुढे केबल कितीही लांब असली तरी फारसा फरक पडत नाही.

आणि तारा. पावसाळ्यात निकेलच्या तारांची चमक पटकन जाते, मुंबई-कोकणच्या हवेत तर विचारूच नका. मेलेल्या तारांवर कुठलाच ॲम्प खणखणणार नाही.

व्हॉल्व्हची_भट्टी

वरचं सगळं बरोबर. आता १२एटी७ च्या सल्ल्याबद्दल. तो सगळीकडे फिरतो आणि अर्धवट आहे.

आधी आवाज फाटतो कुठे ते समजून घे. या सर्किटमध्ये, म्हणजे एबी७६३ मध्ये, गिटार आधी पहिल्या ट्रायोडमध्ये (प्रीॲम्प ट्यूबच्या एका अर्ध्यात) जाते, मग टोन स्टॅक (ट्रेबल-बेसचे नॉब), मग व्हॉल्यूम, मग दुसरा ट्रायोड. त्यानंतर रिव्हर्ब मिसळला जातो, मग तिसरा टप्पा, फेज इन्व्हर्टर (सिग्नलच्या दोन उलट प्रती करून दोन्ही पॉवर ट्यूबना देणारा), आणि शेवटी ६व्ही६. पहिल्या ट्रायोडच्या ग्रिडवर (इनपुटला) साधारण दीड व्होल्टाचा वाव असतो. टेली तिथवर पोचत नाही, गरम हंबकर जोरात छेडला तर काठाला येतो. टेलीचं जे फाटणं तू ऐकतोयस ते मुख्यतः फेज इन्व्हर्टर आणि ६व्ही६ चं आहे. २२ वॅट संपले की संपले. प्रीॲम्पमध्ये कमी गेनची ट्यूब घालून त्या २२ चे २३ होत नाहीत.

होतं काय, तर नॉब सरकतो. १२एएक्स७ चा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर १००, ५७५१ चा ७०, १२एटी७ चा ६०, १२एवाय७ चा ४४ च्या आसपास. व्ही२ मध्ये (तुझ्या चॅनेलच्या प्रीॲम्प ट्यूबच्या जागी) ५७५१ घातली तर दोन्ही ट्रायोडचा गेन प्रत्येकी सुमारे ३ डेसिबलने उतरतो, एकूण ६. जे आधी ४ वर ऐकू यायचं ते आता ५ च्या पुढे येईल. फाटायला लागेल तो आवाजाचा मोठेपणा तोच, फक्त नॉबवरचा आकडा वेगळा.

तरीही घाल, पण कारण वेगळं आहे. फेंडरच्या व्हॉल्यूम पॉटचा उतार असा की बहुतेक आवाज पहिल्या अर्ध्यातच येऊन जातो, त्यामुळे २ आणि ३ च्या मधे मनासारखी जागा सापडत नाही. गेन कमी झाला की ती जागा रुंदावते. शिवाय व्हायब्रॅटो चॅनेलच्या व्हॉल्यूमवर ४७ पिकोफॅरडचा ब्राइट कपॅसिटर आहे. नॉब जितका खाली, तितका तो वरच्या सुरांना मोकळी वाट देतो. घरी २ वर टोचतं ते त्याचंच काम. ६ च्या पुढे त्याचा परिणाम जवळजवळ संपतो. म्हणजे कमी गेनच्या ट्यूबने तेवढ्याच मोठेपणाला नॉब वर जातो आणि टोचणं कमी होतं. १२एटी७ पेक्षा ५७५१ घे. या जागी १०० के (किलोओहम) प्लेट आणि १.५ के कॅथोड रेझिस्टर आहेत, ते १२एएक्स७ साठी बेतलेले. ५७५१ त्यात नीट बसते, १२एटी७ थोडी कोरडी वाजते.

मागून बघितलं की सगळ्यात उजवीकडची व्ही१, ती नॉर्मल चॅनेलची. तिच्या डावीकडची व्ही२, ती तुझी. चुकून व्ही१ बदलून "काही फरक पडला नाही" म्हणणारे पुष्कळ. वापरात नाही म्हणून व्ही१ काढून ठेवा, असाही एक सल्ला मिळेल, तो तुझ्यासाठी उलटा आहे. दोन्ही चॅनेलच्या दुसऱ्या टप्प्यांचा ८२० ओहमचा कॅथोड रेझिस्टर सामायिक आहे, त्यामुळे व्ही१ काढली की व्ही२ चा गेन किंचित वाढतो. फेज इन्व्हर्टरमधली १२एटी७ (व्ही६) आहे तशीच राहू दे, तिथे १२एएक्स७ घालू नकोस.

सिंगलकॉइल

भट्टी, हंबकरसाठी इनपुट २ चं काय? तिथे ६ डेसिबल कमी मिळतात ना?

व्हॉल्व्हची_भट्टी

मिळतात, आणि हंबकर पहिल्याच टप्प्यावर काठाला येत असेल तर तोच बरा इलाज. पण इनपुट २ म्हणजे दोन ६८ के चा डिव्हायडर, त्यामुळे गिटारला १ मेगच्या जागी १३६ के दिसतात. गिटार थेट लावली तर पिकअपचं रेझोनन्स चपटं होतं आणि आवाज मलूल पडतो. वर सांगितलेला बफर आधी असेल तर हा तोटा उरत नाही, कारण मग ॲम्पला बफर दिसतो, पिकअप नाही. तेव्हा टेली इनपुट १, हंबकर बफरमधून इनपुट २. दोन गिटार बदलून वाजवताना मोठेपणाही बऱ्यापैकी सारखा राहतो.

ओहमशांती

स्पीकर आणि वॅटचा हिशोब मांडतो, म्हणजे ट्विनचा प्रश्न सुटेल.

वॅट दुप्पट म्हणजे फक्त ३ डेसिबल. ट्विन ८५ वॅट, डीलक्स २२, फरक जेमतेम ६ डेसिबलचा, अधिक दोन स्पीकर. ऐकायला तो भरपूर मोठा वाटतो, ड्रमरसमोर तर नक्कीच, पण त्यासाठी १९ किलोच्या जागी २९ किलो उचलावं लागतं, जिन्यावरून.

याच हिशोबाची दुसरी बाजू स्पीकरची. ९७ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर काढून १०० वाला लावला की तेवढ्याच वॅटमध्ये ३ डेसिबल जास्त, म्हणजे २२ चे ४४ केल्यासारखं. विकत घेताना वॅटेजच्या आधी हा आकडा बघ. पण तुझ्याकडचा सी१२के मुळातच बऱ्यापैकी कार्यक्षम आहे, तिथे बदलून मोठी उडी मिळणार नाही, रंग बदलेल. सेलेशनचा अल्निको ब्लू १०० डेसिबलचा आणि फार सुरेख, पण तो १५ वॅटचा, २२ वॅटच्या ॲम्पला एकटा लावू नकोस. ग्रीनबॅक (२५ वॅट, ९८ डेसिबल) वॅटमध्ये चालेल, पण तो मधल्या सुरांचा स्पीकर, घंटेचा नाही.

त्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा मार्ग म्हणजे मागच्या एक्स्टर्नल स्पीकर जॅकला ८ ओहमचा एक १२ इंची कॅबिनेट जोडणं. दोन्ही समांतर, मिळून ४ ओहम. फेंडरचे आउटपुट ट्रान्सफॉर्मर एवढी तफावत झेलतात. थोडे वॅट त्या तफावतीत जातात, पण दोन कोन मिळून हवा जास्त हलवतात आणि खालचा सूर भरदार होतो, मग बेसचा नॉब आणखी खाली ठेवता येतो. १६ ओहमचा कॅबिनेटही चालेल. मुख्य स्पीकर न जोडता मात्र ॲम्प कधीही चालू करायचा नाही.

आता कोणी फारसं बोलत नाही ते. १२ इंची स्पीकरचे वरचे सूर सरळ पुढे, अरुंद झोतात जातात. ॲम्प जमिनीवर आणि तू मीटरभरावर उभा, म्हणजे तो झोत तुझ्या गुडघ्यांना ऐकू येतो. तू ट्रेबल वाढवतोस, आणि समोर बसलेल्याचे कान किटतात. ॲम्प खुर्चीवर ठेव किंवा मागे कलंडव, स्पीकरच्या मध्यावर कान येऊ दे, आणि मग ट्रेबल ठरव. ७ चा ५ होईल, पैज.

टेलीवेडा

बरंच हाती लागलं, धन्यवाद. बेस ३, ॲम्प खुर्चीवर, पुढे बफर, एवढ्यावरच टेली बरीच सुटी झाली. ५ वर आता काठावर आहे, हंबकर इनपुट २ मध्ये ठीक.

दोन शंका. एक, ६व्ही६ च्या जागी ६एल६ घालून ताकद वाढवता येते का? दोन, बायस (शांत असताना पॉवर ट्यूबमधून वाहणारा करंट) थंड म्हणजे कमी ठेवला की आवाज जास्त क्लीन राहतो असं दुकानदार म्हणाला. प्रॅक्टिस रूमच्या सॉकेटवर मीटर लावला तर संध्याकाळी २०५ व्होल्ट दिसतात, त्याचाही काही संबंध?

व्हॉल्व्हची_भट्टी

६एल६ नको. ६व्ही६ चा हीटर ०.४५ अँपियर घेतो, ६एल६ चा ०.९. दोन मिळून ०.९ अँपियर जास्त, ते पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावर. आउटपुट ट्रान्सफॉर्मरही ६व्ही६ साठी बेतलेला आहे, त्यामुळे मिळणारी वाढ अपेक्षेपेक्षा कमी. आपल्या उन्हाळ्यात बंद खोलीत तो ट्रान्सफॉर्मर हाताला किती गरम लागतो ते आधीच बघून ठेव.

रेक्टिफायरचंही तसंच. ५एआर४ काढून सिलिकॉन डायोडचा प्लग लावला की जोरात वाजवताना व्होल्टेज कमी ढासळतं आणि आवाज ताठ होतो, हे खरं. पण प्लेट व्होल्टेज आणखी वर जातं, आणि इथे ६व्ही६ वर आधीच ४०० च्या वर आहे, त्यांच्या जुन्या कागदोपत्री मर्यादेच्या बरंच पुढे. ५यू४ चा हीटर १.९ च्या जागी ३ अँपियर मागतो, तोही नको. ५वाय३ ने व्होल्टेज पडतं, आवाज लवकर फाटतो, म्हणजे तुला नको तेच.

बायस थंड म्हणजे क्लीन, हे एका मर्यादेपर्यंतच. क्लास एबी मध्ये (दोन पॉवर ट्यूब सिग्नल आळीपाळीने वाहतात) एक ट्यूब थांबते तिथे दुसरीने आधीच हात लावलेला असायला हवा. फार थंड ठेवलं तर मधे फट पडते आणि क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन येतं. ओळखायची खूण: जोरात वाजवताना नाही, तर सूर विरत जाताना शेपटीला किरकिर ऐकू येते. आवाज पातळ आणि कडक लागतो. हिशोब असा कर: ट्यूब १४ वॅट सोसणारी असेल आणि प्लेटवर ४१५ व्होल्ट असतील, तर ६० टक्के म्हणजे ८.४ वॅट, भागिले ४१५, सुमारे २० मिलिअँपियर प्रत्येकी. ७० टक्के म्हणजे साडेतेवीस. क्लीनसाठी २० ते २२ मध्ये ठेव. जुन्या १२ वॅटच्या ट्यूब असतील तर ७० टक्क्यालाच २० येतात, तिथे १७-१८ बरे. दोन ट्यूबमध्ये २-३ मिलिअँपियरपेक्षा जास्त तफावत असेल तर जोडी जुळलेली नाही, आधी ती बदल.

मोजायला बायस प्रोब वापर, तो ट्यूब आणि सॉकेटच्या मधे बसतो, चेसिस उघडावं लागत नाही. पण बायसचा ट्रिमपॉट (आतला छोटा नॉब) फिरवायचा तर आत जावं लागेल, आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटर ४०० व्होल्ट धरून बसलेले असतात. ते डिस्चार्ज कसे करायचे हे माहीत नसेल तर हे काम जाणकार मेकॅनिककडून करून घे, रेडिओ-व्हॉल्व्हवर हात बसलेला कोणी मिळाला तर उत्तमच.

ओहमशांती

२०५ व्होल्टबद्दल. २३० ला २०५ म्हणजे ११ टक्के कमी. ताकद व्होल्टेजच्या वर्गाने उतरते, म्हणजे सुमारे ७९ टक्के: २२ चे साडेसतरा वॅट. ऐकायला हा फरक एका डेसिबलचाच, तेवढ्याने रडायचं कारण नाही. खरी पंचाईत हीटरची. ६.३ च्या जागी ५.६ व्होल्ट मिळतात, ट्यूब पुरती तापत नाही, आवाज निस्तेज होतो आणि लवकर दमतो. वर्षानुवर्षं असं चाललं तर ट्यूबलाही ते मानवत नाही. उलट रात्री उशिरा हेच सॉकेट २५० दाखवेल, तेव्हा सगळंच ९ टक्के वर. सर्व्हो स्टॅबिलायझर लाव. रिलेवाला खटके मारत टप्पे बदलतो, ते स्पीकरमधून ऐकू येतात.

अमेरिकेहून १२० व्होल्टचा ॲम्प आणलेल्यांसाठी जाता जाता: आपल्याकडचे बहुतेक स्टेपडाउन २३० ला ११० देतात, म्हणजे ८ टक्के कमीच. १२० चा टॅप मागून घ्या, किमान ३०० व्हीएचा, आणि अर्थिंग आरपार जाणारा. तीन पिनचा प्लग तोडून दोन पिन करू नका.

हमबद्दल कोणी विचारणारच, म्हणून: परदेशी व्हिडिओत फिल्टर कपॅसिटर गेल्याची खूण १२० हर्ट्झची घुमघुम सांगतात, आपल्याकडे ती १०० हर्ट्झ, कारण वीज ५० ची. निव्वळ ५० हर्ट्झ ऐकू आलं तर हीटर किंवा अर्थिंगकडे बघायचं. फिल्टर सुकले असतील तर उंच सुराखाली एक बेसूर भुताटकी सूर ऐकू येतो. मग कितीही ट्यूब बदला, आवाज सुटा होणार नाही.

सिंगलकॉइल

पेडलचं राहिलं. क्लीन बूस्ट नावात क्लीन आहे म्हणून लावू नकोस, तो ॲम्पला फाडायलाच ढकलतो. सात पट्ट्यांचा ईक्यू असेल (बॉसच्या जीई-७ सारखा) तर हंबकरसाठी २०० आणि ४०० हर्ट्झ ३ डेसिबल खाली, ३.२ किलो २-३ वर, आणि शेवटचा लेव्हल २ खाली. ६.४ किलोला हात लावू नकोस, गिटारचा स्पीकर तिथवर फारसं वाजवतच नाही, नुसती सळसळ वाढते.

कॉम्प्रेसर चालेल, पण अटॅक (दाबायला सुरुवात करण्याचा वेग) मंद ठेव. छेडल्याचा पहिला टणका सुटून जाऊ दे आणि मग दाबू दे, नाहीतर ज्या चमकेसाठी खटाटोप चाललाय तीच दाबली जाते. आउटपुट बायपासएवढंच.

आणि रिव्हर्ब ४ वरून २.५ वर आण, अर्पेजिओचे सूर एकमेकांच्या शेपटीवर पाय देणार नाहीत.

टेलीवेडा

५७५१ मागवली. सर्व्हो बघतो, तोवर प्रॅक्टिस सकाळची ठेवतोय, तेव्हा २२८ असतात. बायस प्रोब पुण्यात भाड्याने कुणाकडे मिळत असेल तर कळवा.